लॉ फर्मच्या भरती चाचणीतलं पत्र : मांडणीचे मार्क कुठे मिळतात आणि कुठे जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्यात राहणारी, ठाण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात एका लॉ फर्मच्या लेखी चाचणीला बसते आहे. दीड तासात एक 'प्रोफेशनल लेटर' लिहायचं आहे आणि मांडणीला वेगळे मार्क आहेत, एवढंच तिला कळवलंय. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. या पत्राचा ठरलेला नमुना असतो का? तपासणारे नेमकं काय बघतात? आणि पत्र मराठीत लिहायला सांगितलं तर काय करायचं?

मी ठाण्यात वकिली करतो. आमच्याकडे ज्युनिअर घेताना अशीच चाचणी होते आणि पेपर माझ्याकडे येतात, त्यामुळे तपासणाऱ्याच्या खुर्चीतून उत्तर देतो.

सगळ्या फर्मना चालेल असा एकच छापील नमुना नाही. कोणी तारीख उजवीकडे टाकतं, कोणी डावीकडे. कोणी विषय ठळक करतं, कोणी अधोरेखित. यावर कोणी मार्क कापत नाही. कापतात ते वेगळ्या कारणासाठी. वकिलाचं पत्र पुढे कोर्टात दाखल होऊ शकतं. त्यावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते आणि उलटतपासात समोरचा वकील त्याच कागदावर बोट ठेवून विचारतो : हे कोणाच्या वतीने पाठवलं? कुठल्या तारखेला? कुठल्या पत्त्यावर? नेमके किती पैसे मागितले? सोबत काय जोडलं होतं? पत्रातल्या प्रत्येक ठरावीक जागेवर यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर असतं. ते उत्तर त्या जागी, निःसंदिग्ध, एका नजरेत सापडलं पाहिजे. हे ज्याला कळलं त्याला नमुना पाठ करावा लागत नाही, कारण कुठली ओळ का आहे हे त्याला माहीत असतं. पेपर तपासताना मी हेच शोधत असतो.

पेपर हातात आला की टायपिंगला लगेच हात घालू नका. पत्र कोणाला जाणार आहे ते आधी ठरवा. समोरच्या पक्षाला मागणीची नोटीस, आपल्याच अशिलाला सल्ल्याचं पत्र, समोरच्या वकिलाच्या नोटिशीला उत्तर, किंवा एखाद्या सरकारी कार्यालयाला अर्जवजा पत्र, यांतलं काहीतरी एक असतं. प्रश्नपत्रिकेत हे बऱ्याचदा सरळ सांगितलेलं नसतं. 'पार्टनरचा', म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाचा, 'ईमेल' म्हणून एक उतारा देतात, त्याला दोन-तीन कागद जोडलेले असतात, आणि त्यातून तुम्ही ओळखायचं असतं. इथे चूक झाली की पुढची सगळी मांडणी चुकते. अशिलाला सांगायची गोष्ट समोरच्याच्या पत्रात जाते, हा या चाचणीतला सगळ्यात महागडा घोटाळा आहे आणि दर वेळी काही पेपरांत तो असतोच.

एक उदाहरण घेतो, म्हणजे हवेत बोलणं नको. आपला अशील रबाळे एमआयडीसीतला पॅकेजिंगचा पुरवठादार. ऐरोलीतल्या एका खरेदीदाराकडे त्याची एकूण बाकी ६,१२,५०० रुपये. त्यापैकी ४,७५,००० चा चेक खरेदीदाराने दिला, तो 'अपुरा निधी' असा शेरा मारून परत आला. बँकेचा मेमो अशिलाला ३ मार्चला मिळाला. पेपरमध्ये आजची तारीख २७ मार्च दिली आहे. पार्टनरच्या ईमेलमध्ये शेवटी एक ओळ आहे : 'अशील सांगतो, चार लाख मिळाले तरी तो मिटवायला तयार आहे.' काम एकच, समोरच्याला पत्र लिहा.

या चार-पाच ओळींत मांडणीची जवळजवळ सगळी परीक्षा आहे.

तारीख बघा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. ३ मार्चला कळलं म्हणजे २ एप्रिल हा शेवटचा दिवस. पत्रावरची तारीख या हिशोबातली पहिली कडी आहे, म्हणून ती पूर्ण लिहायची : २७ मार्च २०२६. आकड्यांत ०३/०४ असं लिहिलं की वाचणारा तीन एप्रिल म्हणेल की चार मार्च, हे त्याच्या सवयीवर अवलंबून राहतं. वर्डमध्ये आपोआप तारीख टाकायची सोय आहे आणि त्यात 'अपडेट ऑटोमॅटिकली' अशी खूण असते. ती ठेवलीत तर फाईल ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची तारीख पत्रावर दिसते. परीक्षक चार दिवसांनी फाईल उघडतो आणि त्याला चार दिवसांनंतरची तारीख दिसते. खऱ्या कामात याच फाईलची ऑफिस कॉपी वर्षभराने काढली तर तिच्यावर वर्षभरानंतरची तारीख असेल. तारीख हाताने टाईप करा.

रक्कम बघा. बाकी ६,१२,५०० आहे, चेक ४,७५,००० चा आहे. बरेच जण विषयाच्या ओळीत एक आकडा लिहितात आणि मागणीच्या परिच्छेदात दुसरा. कलम १३८ च्या नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची असली पाहिजे आणि ती स्पष्ट दिसली पाहिजे. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचाच असेल तर तो वेगळा दाखवायचा, चेकच्या रकमेत मिसळायचा नाही. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात हे फार कडक शब्दांत सांगितलं. चेक एक कोटीचा होता, नोटिशीत मागणी दोन कोटींची गेली. टायपिंगची चूक झाली हा खुलासा कोर्टाने स्वीकारला नाही आणि नोटीस अवैध ठरली. चाचणीत आकड्यांवर एवढा जोर का असतो हे यावरून कळावं. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहा. स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने द्या, आणि जिथे जिथे तीच रक्कम येते तिथे ती तशीच लिहा. एका ठिकाणी 'रु. ४,७५,०००/-', दुसरीकडे '४.७५ लाख' असं करू नका.

आता ती चार लाखांची ओळ. ती पत्रात येता कामा नये, आडून सुचवलेलीसुद्धा नको. अशिलाने ती तुम्हाला विश्वासाने सांगितली आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ती मुद्दाम पेरलेली असते.

याच्याशीच जोडलेला प्रकार म्हणजे पत्राच्या डोक्यावर 'विदाउट प्रिज्युडिस' लिहिणं. वकिली पत्रावर हे शब्द असतातच अशी समजूत पक्की बसलेली दिसते. तडजोडीच्या बोलण्यात दिलेली कबुली पुढे पुरावा म्हणून वापरली जाऊ नये यासाठी ते शब्द आहेत. त्याची तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. कलम १३८ ची नोटीस तर आपल्यालाच कोर्टात दाखवायची असते. मग तिच्यावर 'हे दाखवू नये' असं आपणच का लिहायचं? शेवटच्या परिच्छेदात 'आमच्या अशिलांचे इतर सर्व हक्क राखून' असं म्हणणं वेगळं, ते चालतं आणि ते लिहावंच. डोक्यावरचा शिक्का मात्र फक्त तडजोडीच्या पत्राला.

वरून खाली येऊ.

लेटरहेड दिलेलं असेल तर तेच वापरा. नसेल तर 'फर्मचे लेटरहेड' असं चौकटी कंसात लिहून मोकळे व्हा. काही जण उत्साहाने स्वतः लेटरहेड तयार करतात, नावाखाली 'चेक बाउन्स व घटस्फोट विशेषज्ञ' असं टाकतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करू देत नाही. स्टेशनरीवर अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य आहे असं सुचवायलाही तो मनाई करतो. म्हणजे मांडणी सुंदर करायला गेलात आणि पहिल्या दोन इंचांतच व्यावसायिक शिस्तीचा नियम मोडलात. परीक्षक वकील आहे, त्याला ते दिसतंच.

संदर्भ क्रमांक दिला नसेल तर तयार करू नका. फर्ममध्ये मसुद्यातली रिकामी जागा दाखवायची एक पद्धत आहे : चौकटी कंसात काळा ठिपका, [●]. जी माहिती पेपरमध्ये नाही तिथे हा ठिपका ठेवा. चेक क्रमांक नाही? ठिपका. पिन कोड नाही? ठिपका. मनाने सहा आकडे टाकणाऱ्या उमेदवाराला मी घेत नाही, कायदा कितीही चांगला येत असला तरी. ठिपके किती आणि कुठे आहेत हे पत्रासोबत पार्टनरला दोन ओळींच्या टिपणात कळवलंत तर फार चांगलं.

पाठवण्याची पद्धत तारखेखाली आणि पत्त्याच्या वर येते. जुन्या मसुद्यांत सगळीकडे 'बाय आर.पी.ए.डी.' (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टने) असं असतं आणि तेच उतरवलं जातं. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. 'स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, व ईमेलने' असं लिहा, आणि ईमेल पत्ता पेपरमध्ये दिला असेल तरच ईमेलचा उल्लेख करा. ही ओळ बिनमहत्त्वाची नाही. नोटीस योग्य पत्त्यावर टपालाने रवाना केली की ती पोचली असं धरून चालण्याचं गृहीतक जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मधून येतं, आणि सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात ते चेकच्या नोटिशीला लागू केलं. लखोटा 'घर बंद' किंवा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आला की आपलं सगळं या गृहीतकावर उभं राहतं. त्यासाठी पत्ता बरोबर हवा.

आणि पत्ता, विशेषतः आपल्या भागात, वाटतो तितका सोपा नाही. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी, ऐरोली अशा उपनगराचे, सेक्टर वेगळे मोजले जातात. 'सेक्टर ८, नवी मुंबई' हा पत्ताच होत नाही, कारण सेक्टर ८ वाशीत आहे, ऐरोलीत आहे आणि नेरुळातही आहे. नोडचं नाव लिहिलंच पाहिजे. खारघर, कामोठे लोकांच्या बोलण्यात नवी मुंबईच, पण ती पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. दावा कुठल्या कोर्टात जाणार हे यावर ठरतं, म्हणून पत्रात जिल्हा चुकला तर परीक्षकाच्या मनात शंका येते. ठाण्यात पूर्व-पश्चिम लिहा. घोडबंदर रोडवर नुसतं संकुलाचं नाव पुरत नाही, इमारत आणि विंग हवी.

नाव लिहिताना समोरचा कोण आहे ते ओळखा. भागीदारी संस्था असेल तर 'मेसर्स' चालतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला 'मेसर्स' लावण्याची गरज नाही. तिचं नोंदणीकृत नाव पूर्ण लिहा आणि पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर काढा. एकट्या मालकाचा धंदा असेल तर माणसाचं नाव आधी, 'मालक, अमुक ट्रेडर्स' नंतर, कारण कायद्याने जबाबदार तो माणूस आहे, पाटीवरचं नाव नव्हे. बाईंच्या नावामागे 'मिस' किंवा 'मिसेस' अंदाजाने लावू नका. इंग्रजीत 'मिझ' आणि मराठीत 'श्रीमती' बिनधोक.

विषयाची ओळ एक, फार तर दोन ओळींत. 'अबव्ह कॅप्शन्ड मॅटर' असं लिहिण्यापेक्षा कलम, चेक क्रमांक आणि रक्कम लिहा. ज्या कारकुनाकडे रोज पन्नास लखोटे येतात त्याला फक्त ती ओळ वाचून पत्र योग्य टेबलावर ठेवता आलं पाहिजे.

संबोधन आणि समारोप यांची जोडी जुळली पाहिजे. इंग्रजीत 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर खाली 'युअर्स फेथफुली'. नावाने हाक मारली असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. एवढं पाठ करा, यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

मजकूर कसा दिसावा ते दाखवतो. पेपर बहुधा इंग्रजीत असेल, पण क्रम तोच राहतो, म्हणून नमुना मराठीत देतो. पत्ता आणि विषय झाल्यावरचा भाग :

महोदय,

आमचे अशील [●], राहणार [●], यांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून आम्ही आपणांस पुढीलप्रमाणे नोटीस देतो :

१. आमच्या अशिलांनी आपणांस सोबतच्या जोडपत्र १ मधील बिलांप्रमाणे पॅकेजिंग साहित्य पुरवले. सदर माल आपण कोणतीही तक्रार न करता स्वीकारला.

२. सदर बिलांपोटी आपण आमच्या अशिलांना [●] बँकेवरील चेक क्र. [●], दिनांक [●], रक्कम रु. ४,७५,०००/- (अक्षरी रुपये चार लाख पंचाहत्तर हजार फक्त) दिला.

३. आमच्या अशिलांनी सदर चेक वटवण्यासाठी बँकेत भरला असता तो 'अपुरा निधी' या शेऱ्यासह परत आला. बँकेचा तसा मेमो आमच्या अशिलांना दिनांक ३ मार्च २०२६ रोजी मिळाला. मेमोची प्रत जोडपत्र २ म्हणून सोबत जोडली आहे.

४. सबब, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम रु. ४,७५,०००/- (अक्षरी रुपये चार लाख पंचाहत्तर हजार फक्त) आमच्या अशिलांना अदा करावी. तसे न केल्यास आपणांविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार दाखल करण्यात येईल.

५. उर्वरित बाकी रकमेबाबतचे व अन्य सर्व हक्क आमच्या अशिलांनी राखून ठेवले आहेत.

यात काय केलंय ते बघा. एका परिच्छेदात एकच गोष्ट आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे, म्हणजे समोरचा वकील उत्तर देताना 'परिच्छेद ३ मधील मजकूर नाकबूल' असं म्हणू शकतो. नोटिशीत क्रमांकांऐवजी बुलेट वापरू नका, कारण बुलेटकडे बोट दाखवून उत्तर देता येत नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने आल्या आहेत. मागणी आणि मुदत एकाच परिच्छेदात आहे, शोधावी लागत नाही. ६,१२,५०० हा आकडा कुठेच नाही. तो लिहिला असता तरी नोटीस लगेच पडली असती असं नव्हे, पण चेकचा आकडा एकटा उभा असला की वादाला जागाच राहत नाही, म्हणून मी तो बाहेर ठेवतो. 'फसवणूक', 'लबाडी', 'बदनीयत' असे शब्दही नाहीत. कलम १३८ ला त्यांची गरज नाही, आणि सिद्ध न करता येणारं विशेषण आपल्याच अंगावर येतं. चाचणीत विशेषणं जितकी जास्त तितका मला उमेदवार कच्चा वाटतो.

मजकुराखाली समारोप, फर्मचं नाव, सहीसाठी जागा, आणि 'पार्टनर' किंवा 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता'. तुम्ही स्वतःचं नाव टाकून 'ॲडव्होकेट' लिहू नका. तुमची सनद (वकिलीचा परवाना) अजून झालेली नाही, आणि झाली असती तरी या पत्रावर सही कोणाची हे पार्टनर ठरवतो. त्याखाली 'सोबत' म्हणून जोडपत्रांची यादी. मजकुरात जोडपत्र १ आणि २ म्हटलं असेल तर यादीत दोनच हवीत, त्याच क्रमाने. मी पेपर हातात घेतल्यावर जोडपत्रांची यादी फार लवकर तपासतो. पत्र लिहिताना परिच्छेद मागेपुढे झालेले असतात आणि यादी तशीच राहिलेली असते, त्यावरून शेवटचं वाचन केलं की नाही ते लगेच कळतं.

'प्रत रवाना' या ओळीबद्दल एकच सांगतो. समोरच्याला जाणाऱ्या पत्रावर अशिलाच्या सीएची किंवा भागीदाराची नावं प्रत म्हणून टाकू नका. अशिलाला प्रत वेगळ्या ईमेलने जाते.

दिसण्याचं आता, आणि ते पटकन. ए-४ पान, चारही बाजूंना सुमारे अडीच सेंटिमीटर समास, ११ किंवा १२ पॉइंटचा साधा टाईप, एकेरी किंवा किंचित जास्त ओळ-अंतर, परिच्छेदांमध्ये एक मोकळी जागा. २०२० पासून सुप्रीम कोर्टात कागदपत्रं ए-४ वर, १४ पॉइंटमध्ये, दीडपट अंतराने, दोन्ही बाजूंना ४ सेंटिमीटर समास सोडून दाखल करायची असतात. मूट कोर्टची, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटुच्या खटल्यांची, सवय असलेली मुलं तीच मांडणी पत्राला लावतात आणि दीड पानाचं पत्र चार पानांचं होतं. ते दाव्याच्या कागदांचे नियम आहेत, पत्राचे नाहीत. ठळक अक्षर फक्त विषयाला, फार तर मुदतीला. रंग नको. जागा सोडायला स्पेसबार दाबत बसू नका, टॅब आणि इंडेंट वापरा. परीक्षकाने दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की स्पेसबारने बसवलेले रकाने विस्कटतात. 'रु.' एका ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीवर असं झालं तर मध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, ते दोन्ही एकत्र राहतात. दुसऱ्या पानावर पृष्ठ क्रमांक एकूण पानांसह हवा : 'पृष्ठ २ / २'. सही एकटीच शेवटच्या पानावर जाऊ देऊ नका. तिच्यासोबत मजकुराच्या निदान दोन ओळी हव्यात, नाहीतर ते पान कुठल्याही पत्राला लावता येतं.

फाईल देताना बदलांच्या खुणा आणि शेरे काढून टाका. वर्डमधलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' एकदा चालवा. घरून, आधीच्या कुठल्यातरी मसुद्यावर काम केलं असेल तर जुन्या पक्षकाराचं नाव फाईलच्या गुणधर्मांत शिल्लक राहतं. पार्टनरच्या जागी बसून विचार करा, एका अशिलाचं नाव दुसऱ्याच्या फाईलमध्ये सापडणं किती गंभीर आहे.

समजा पेपरमध्ये समोरच्याला नाही, अशिलाला पत्र लिहायचं आलं. खारघरमधल्या फ्लॅटची मालकीण आहे, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आहे, राहणारा जागा सोडत नाही, तिला काय करता येईल ते कळवा. इथे क्रमांकित आरोपांची मांडणी उपयोगाची नाही. वर 'खासगी व गोपनीय' लिहा. त्या शब्दांनी गोपनीयता तयार होत नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पण लखोटा सोसायटीच्या ऑफिसात कोणी उघडू नये यासाठी तो इशारा असतो. नावाने संबोधा. पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्या : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मागता येते, आणि मुदत संपल्यापासून ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्यानंतर छोट्या मथळ्यांखाली कारण, लागणारी कागदपत्रं, पुढची पावलं. करार नोंदलेला आहे का हे तिला विचारा, कारण त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. 'नक्की जिंकू' असं कुठेही लिहू नका. शेवटी तिने काय पाठवायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं स्पष्ट लिहा. सल्ल्याच्या पत्रात कलमांची रांग लावणारे पुष्कळ असतात. पत्र वाचून खाली ठेवल्यावर त्या बाईंना उद्या सकाळी काय करायचं हे कळलं का, यावर मी मार्क देतो.

दीड तासाची वाटणी अशी करा. पहिली पंधरा-वीस मिनिटं कोऱ्या कागदावर तारखा, रकमा आणि नावं उतरवा. प्रत्येक तारखेपुढे ती कुठून आली ते लिहा, मेमोमधून की ईमेलमधून. दोन कागदांत एकच तारीख वेगळी दिली असेल तर ती इथेच पकडली जाते, आणि असा फरक मुद्दाम ठेवतात. शेवटची दहा मिनिटं नवीन वाक्य लिहायचं नाही. प्रिंट प्रिव्ह्यू उघडून फक्त आकडे, नावं, परिच्छेदांचे क्रमांक आणि जोडपत्रं त्या कागदाशी ताडून बघा.

मराठी पत्राचं. ठाण्या-बेलापूरच्या फर्मना याची गरज पडतेच. सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेणं) असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना पत्र जातं. तहसीलदार, पोलीस ठाणे, महापालिकेचा प्रभाग यांच्याशी व्यवहार मराठीतच सोपा जातो. त्या पत्राचा क्रम सरकारी वळणाचा : 'प्रति,' मग पदनाम आणि कार्यालय, 'विषय :', 'संदर्भ :', 'महोदय/महोदया,', मजकूर, 'आपला विश्वासू,', 'सोबत :', आणि 'प्रत माहितीसाठी :'. अधिकाऱ्याचं नाव लिहायचं नाही, पदनाम लिहायचं, कारण बदली झाली तरी पत्र त्या टेबलावरच जायला हवं. 'संदर्भ' मध्ये आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक दिलात तर कारकुनाला फाईल सापडते. नाही दिलात तर तुमचं पत्र नवीन फाईल म्हणून उघडलं जातं आणि आधीच्यापासून तुटतं. इंग्रजी मसुदा डोक्यात ठेवून मराठी लिहू नका. 'आम्ही याद्वारे आपणांस विनंती करू इच्छितो की' यापेक्षा 'विनंती की' पुरतं. आकडे सगळे देवनागरी किंवा सगळे इंग्रजी, सरमिसळ नको. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबारावर जसे आहेत अगदी तसेच उतरवा.

टाईप युनिकोडमध्येच करा. कोर्ट नाक्याच्या टायपिंगच्या दुकानांत अजून जुने फॉन्ट चालतात, पण त्यातली फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. परीक्षेच्या मशीनवर मराठी कीबोर्ड आहे का आणि कोणता, हे आधीच्या दिवशी फर्मच्या एचआरला विचारून घ्या. इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीची) सवय नसेल तर या आठवड्यात रोज थोडा वेळ तरी त्यावर हात बसवा. फाईल शेवटी पीडीएफ करा आणि ती पीडीएफ उघडून एकदा वाचा, कारण जोडाक्षरं मोडलेली असली तर ती तिथेच दिसतात.